बोलती भट्टी, मुकी भट्टी

फुटलेल्या भांड्याचे तुकडे टेबलावर मांडून थोरली लेक सकाळपासून बसली होती, आणि घरातलं एकेक माणूस काही ना काही निमित्त काढून त्या खोलीतून जात होतं. आईने दोनदा चहा आणून ठेवला. काका पक्कड शोधायला आले, तेव्हा पक्कड त्यांच्या हातातच होती. काय सापडलं, असं मात्र कुणी विचारत नव्हतं. या घरात प्रश्न विचारायला बंदी नव्हती. पण ज्याचं उत्तर सगळ्यांना आधीपासून ठाऊक आहे तो प्रश्न विचारणं अडाणीपणाचं समजत, आणि भांडं का फुटलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. मैना बोलली म्हणून फुटलं.

मैना ही थोरलीच्या धाकट्या भावाची बायको. हे नाव तिला सासरी येऊन पंधरा दिवस व्हायच्या आत पडलं होतं, आणि ते का पडलं हे तिच्याशी पाच मिनिटं बोलणाऱ्याला सांगावं लागत नसे, कारण त्या पाचांतली साडेचार तीच बोले. कारखान्यात काम करायला मिळेल म्हणून या घरात आले, असं ती उघड सांगे. "नवऱ्यावर जीव नंतर जडला, आधी बर्नरवर." ज्योतीवर काचेची नळी फिरवत ओढायची, वाकवायची, फुगवायची, हे तिने काही महिन्यांत असं उचललं की एकदा तिने केलेली नळी काकांनी उजेडापुढे धरली, उलटसुलट पाहिली आणि काही न बोलता रॅकवर ठेवली. काकांच्या लेखी ही शाबासकी होती.

धंदा आजोबांपासूनचा, थोरलीचे वडील गेल्यापासून काकांच्या हातात. घराला लागून कारखाना, आणि कारखान्यात प्रयोगशाळांना लागणारी काचेची भांडी. जगातल्या शंकेखोरांना भांडी पुरवायची आणि आपण स्वतः कसलीच शंका घ्यायची नाही, असा आपला धंदा, असं थोरली चेष्टेने म्हणे. ती स्वतः त्या शंकेखोरांना जाऊन मिळाली होती. दूरच्या शहरातल्या एका संशोधन संस्थेत ती काचेवरच काम करी, आणि सुट्टीत घरी आली की काका तिला, "काय म्हणते तुझी काच?" असं विचारत, जणू तिची काच वेगळी होती.

या घराचा एक नियम होता. घडवलेली भांडी गरम असतानाच निववायच्या भट्टीत ठेवतात, दार लावतात आणि गॅस जरा जरा कमी करत दुसऱ्या दिवसापर्यंत थंड होऊ देतात. घाईने थंड झालेली काच आतून ताणलेली राहते आणि पुढे कधीतरी आपली आपण तडकते. इथवर पुस्तकाचं आणि घराचं एकमत. पण त्या भट्टीपुढे घरातल्याच कुणीतरी राखणीला बसायचं, बसलेल्याने चकार शब्द काढायचा नाही, आणि दारावरून जाणाऱ्यानेही तोंड बंद ठेवायचं, हे घरचं. जो राखणीला बसत नाही त्याला कारखान्यात जागा नाही, हा त्याच नियमाच्या पोटातला दुसरा नियम. गेली चाळीसेक वर्षं बहुतेक राखण आत्याच करत आली होती. आत्या ही काकांची मोठी बहीण. तरुणपणीच सासरहून परत आलेली, आणि तेव्हापासून भट्टीसमोरच्या बाकावर गप्प बसलेली.

तीन दिवसांपूर्वी मैनाची पहिली राखण होती. तिच्या खिशातला फोन वाजला, तिने तो घाईघाईने कानाला लावला, "आई, नंतर करते," एवढंच म्हणाली, आणि आतून टण् असा आवाज आला. काकांनी दोन महिने खपून घडवलेलं मोठं भांडं, दोन माणसांनी उचलावं लागेल असं, आत तीन तुकडे होऊन पडलं होतं. मैनाने यापुढे कारखान्यात पाऊल ठेवायचं नाही, असं काकांनी सांगून टाकलं. मग मीही ठेवणार नाही, असं भावाने सांगितलं, आणि दुसऱ्या गावी एक नोकरी बघून ठेवली आहे हेही त्याच दमात सांगितलं. आईने जेवायला वाढलेली ताटं तशीच राहिली. भावाने थोरलीला फोन केला तो त्याच दिवशी. "तू काचेची डॉक्टर ना? ये आणि मढं तपासून सांग," म्हणाला.

चहाचा तिसरा कप घेऊन मैना आली. तीन दिवसांत तिचा आवाज कुणी नीट ऐकला नव्हता. थोरलीने तिला शेजारी ओढून बसवलं आणि एका तुकड्याची कड भिंगाखाली धरली.

"काच तडकते ना, तेव्हा कुठून कुठे गेली ते कडेवर लिहून जाते. या बारीक रेघा बघ. पंख्यासारख्या उघडत गेल्यात. उलटं चालत जा, रेघा मिळतात तिकडे."

मैनाचं बोट कडेवरून सरकत गेलं. खरबरीत कड हळूहळू मऊ झाली, मग आरशासारखी गुळगुळीत, आणि त्या गुळगुळीत ठिपक्याच्या मधोमध बोट थांबलं. तिथे मोहरीएवढा पांढरा कण रुतला होता.

"खडा," मैना म्हणाली. भट्टीच्या विटेचा कण काचेत पडून न विरघळता राहिला की त्याला कारखान्यात खडा म्हणत.

"खडा आणि काच एकसारखी आकसत नाहीत. थंड होताना खड्याभोवती ताण बसतो. तिथूनच फुटलं. मोठ्या भट्टीच्या छताच्या विटा झडायला लागल्या असणार."

मैनाने भिंग पुन्हा त्या पांढऱ्या कणावर धरलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने खांद्याला पुसलं, आणि थोरलीला वाटलं, झालं काम. आपण घरी आलो, भिंग काढलं, खडा सापडला, आता दुपारच्या गाडीने परत जायला हरकत नाही.

तिला काकांचा अंदाज नव्हता, असं नाही. पण माणूस शिकला की घरच्यांना विसरतो ते असं.

जेवणाच्या टेबलावर काकांनी तुकडा घेतला, भिंग घेतलं, खिडकीशी गेले आणि पुरेसा वेळ घेऊन परत आले. खडा आहे, म्हणाले. बरोबर आहे तुझं. मग तुकडा ताटाशेजारी ठेवून ते शांतपणे बोलायला लागले. छताच्या विटा गेल्या वर्षीही झडत होत्या. खडे असलेली भांडी याच भट्टीत निवली, याच घरातून गेली, आणि कुठे कुठे अजून वापरात आहेत. खडा दिवसभर काचेत होताच. मग भांडं सकाळी फुटलं नाही, दुपारी फुटलं नाही, मैनाने तोंड उघडलं त्याच क्षणी कसं फुटलं?

हा मुद्दा थोरलीच्या संस्थेत कुणी काढला असता तर तिने त्याला मान दिला असता. इथे काकांनी काढला म्हणून तो वाईट होत नव्हता.

"आणि आवाजाने काच फुटते," काका म्हणाले, "हे काही मी भट्टीत शिकलो नाही. शाळेच्या पुस्तकात होतं. ध्वनिलहरी."

नियमाला विज्ञानाचा कोट चढवायला काकांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी पुढे ती गोष्टही सांगितली, जी या टेबलावरच्या प्रत्येकाला पाठ होती. सुरुवातीच्या काळात आजोबांचे दोन मजूर भट्टीपुढे भांडले, आणि आत ठेवलेला सगळाच्या सगळा माल तडकला. "मी शाळेत होतो. मला बाबांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलंय."

आई इतके दिवस दिराच्या बाजूने होती. आता ती मुलाच्या ताटात भाजी वाढता वाढता म्हणाली की खडा असला तर असेल, पण मुलीला शिक्षा थोडी जास्तच झाली. काकांनी तिच्याकडे पाहिलं. भाऊजींच्या डोळ्याला डोळा न देता आईने भाजी आणखी वाढली.

थोरली म्हणाली, "आजोबांनी काही चूक केली असं मी म्हणत नाही. त्यांनी दोन गोष्टी एकीमागून एक घडताना बघितल्या आणि त्यांची गाठ मारली. मीही रोज तेच करते, काका. फक्त गाठ मारल्यावर ती ओढून बघते."

"आणि ओढल्यावर सुटली तर?"

"तर ती गाठ नव्हतीच."

यावर काका हसले, पण ऐकणार नाही हे त्या हसण्यातच कळत होतं. त्यांनी पाण्याचा पेला उचलला. विषय संपला, असा त्याचा घरात अर्थ होता.

"मग ओढून बघा ना," असं कोणीतरी म्हणालं.

म्हणाली ती आत्या. टेबलाच्या टोकाशी बसून ती जेवत होती आणि कुणाकडे बघतही नव्हती. आत्या जेवताना बोलते, आवडीनिवडी सांगते, आईशी वादही घालते, पण भट्टीच्या बाबतीत ती कधी काही बोलली आहे असं कुणाला आठवत नव्हतं. काकांनी पेला खाली ठेवला.

"अक्का, तू म्हणतेस हे?"

"मीच म्हणायला हवं. एवढी वर्षं गप्प मी बसले आहे. कशासाठी बसले ते मला कळलं तर काही बिघडणार नाही."

आणि आत्याचे डोळे लुकलुकत होते, हे थोरलीने पाहिलं. या घरात काचेबद्दल कुतूहल असलेली आपण एकटीच आहोत, असं ती आजवर समजत आली होती. आता तिला जरा लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला.

पुढचे दोन तास घरात उत्साहाला नुसतं उधाण आलं. निववायच्या भट्ट्या दोन होत्या; एक जुनी, कारखान्याच्या आतल्या खोलीतली, आणि एक मागच्या पत्र्याच्या शेडमधली, मध्ये अंगण. एकाच दिवशी, एकाच काचेचे, एकाच साच्यातले गोल चंबू घडवायचे. आईने डोळे मिटून ते दोन टोपल्यांत वाटायचे, म्हणजे कुणी चांगले चांगले इकडे आणि डागाळलेले तिकडे केले असं म्हणायला नको. एका भट्टीपुढे सतत बोलायचं, दुसरीपुढे कुणी श्वासही मोठ्याने घ्यायचा नाही. कोणती बोलती आणि कोणती मुकी, हे ठरवायला भावाने नाणं उडवलं. बोलणं जुन्या भट्टीच्या वाट्याला आलं. मागच्या शेडमध्ये बोलणं वेगळं आणि आत्याच्या बाकाजवळ बोलणं वेगळं. पण नाणं उडवल्यावर रडीचा डाव चालत नाही.

असं निदान पाच-सहा वेळा करावं लागेल, एकदा करून काही कळत नाही, असं थोरलीने बजावलं. काका म्हणाले, एकदा. मुक्या भट्टीपुढे मी स्वतः बसणार. फुटले बोलत्या भट्टीतले, तर मैना घरात, कारखान्यात नाही. आणि हा विषय माझ्या हयातीत पुन्हा काढायचा नाही.

"आणि नाही फुटले तर?" मैनाने विचारलं. तीन दिवसांनी तिने काकांना विचारलेली ही पहिलीच गोष्ट.

"तर बघू," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या भट्टीचं दार लावलं, गॅस जोडला, आणि बाकावर आत्या, आई आणि मैना, जमिनीवर थोरली आणि भाऊ, अशी मंडळी बोलायला बसली. कुणालाच बोलता येईना.

आता हे हसण्यासारखंच होतं. एरवी ज्या घरात एका वेळी चार जण बोलतात तिथे पाच माणसं तोंडं मिटून लोखंडी दाराकडे बघत होती. भावाने गळक्या नळाबद्दल दोन वाक्यं बोलून बघितली आणि तो संपला. आई वाणसामानाची यादी म्हणायला लागली, तीही इतक्या हळू की आजाऱ्याच्या खोलीत बसल्यासारखी. भाऊ कंटाळून चहा आणायला गेला. थोरलीने मैनाला कोपराने ढोसलं.

"तुझ्या भरवशावर हा प्रयोग ठरवला मी. बोल की काहीतरी."

मैनाने नकारार्थी मान हलवली. चेहरा उतरला होता. थोरलीच्या कानाशी येऊन ती म्हणाली, "ताई, तुमचा एक प्रयोग फसेल. माझं काय होईल? मी बोलले आणि पुन्हा टण् झालं, तर मी स्वतःलाही काही सांगू शकणार नाही."

नियम खोटा आहे हे मैनाला डोक्याने पटलं होतं. खडा तिने स्वतःच्या बोटाने शोधला होता. तरीही तिची जीभ उचलत नव्हती. आणि खरं सांगायचं तर थोरलीचीही उचलत नव्हती. लहानपणी या उंबऱ्यावर तोंडावर बोट ठेवायला शिकलेला हात अजून तसाच होता, आणि काचेवरचे सगळे प्रबंध वाचून झाले तरी त्याला ते कळलेलं नव्हतं. हे तिला भीतिदायक वाटलं नाही, फार नवलाचं वाटलं.

"हा बाक आधी इथे नव्हता," आत्या म्हणाली.

तिचा आवाज त्या खोलीत असा मोकळा पहिल्यांदाच उमटला. आईच्या तोंडातली यादी थांबली.

आत्या भट्टीच्या दाराकडे बघतच बोलत होती. "मी परत आले ना, त्या आठवड्यात घरात माणसांची रीघ लागली. मावश्या, शेजारणी, कोण कोण. सगळ्यांना एकच हवं होतं. का आली? कुणी गोडीत विचारायचं, कुणी खोदून. मी या खोलीतून त्या खोलीत जायचे आणि माणसं माझ्या मागे. एक दिवस बाबांनी मला हाताला धरून इथे आणलं. बाक आणून ठेवला. म्हणाले, गॅसच्या कॉकवर लक्ष ठेव. आणि स्वतः दारात उभे राहिले. जो येईल त्याला सांगायचे, इथे बोलू नका, काच तडकते."

"आणि ते मजुरांचं भांडण?" थोरलीने विचारलं.

"मजूर कुठले? तेव्हा कारखान्यात बाबा आणि मी. दुसरं होतं कोण?"

दारात काका उभे होते. मागच्या भट्टीचा गॅस उतरवायची वेळ झाली का, हे इकडच्या घड्याळात बघायला ते आले होते, आणि सवयीने तोंडावर बोट ठेवूनच आले होते. बोट तिथेच राहिलं. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं, पण वाक्य मागे घेतलं नाही. काकांना काहीतरी म्हणायचं होतं हे स्पष्ट दिसत होतं. पण मुक्या भट्टीची राखण त्यांच्याकडे होती, आणि राखणीवर असताना आयुष्यात एकदाही न मोडलेला नियम ते आज मोडणार नव्हते. ते वळले आणि अंगण ओलांडून निघून गेले.

थोरलीने हळूच विचारलं, म्हणजे आजोबा जाणूनबुजून खोटं बोलले का? धर्म भीतीतून येतो, अज्ञानातून येतो, असं ती कुठे कुठे वाचत आली होती आणि तिला ते पटतही होतं. एका बापाला लेकीला चार दिवस शांतता मिळवून द्यायची होती, त्यातून असलं काही उभं राहतं, हे तिने कुठे वाचलं नव्हतं.

आत्याने विचार करून उत्तर दिलं. "सुरुवातीला खोटंच असेल. पण पुढे पुढे तेही इथे आले की आवाज बारीक करायचे. मी बाकावर नसतानासुद्धा. तेव्हा त्यांना काय वाटत होतं, ते मला नाही सांगता येणार."

मैना इतका वेळ आत्याकडे टक लावून बघत होती. ती बाकावर जरा सरकली, आत्याच्या अगदी जवळ गेली आणि बोलायला लागली. आत्याला तिने काही विचारलं नाही. आपल्या आईबद्दल बोलली, त्या दिवशीच्या फोनबद्दल बोलली, पहिल्यांदा नळी ओढताना बोट कसं भाजलं आणि नवऱ्याने औषधाऐवजी दाढीचा साबण कसा लावला ते बोलली. आत्या हसली. भाऊ चहा घेऊन आला, त्याने साबणाची बाजू मांडली. मग आईही आपल्या लग्नातली एक फजिती सांगायला लागली, जी थोरलीने कधी ऐकली नव्हती. आळीपाळीने दुसऱ्या दिवसापर्यंत बोलणं थांबलं नाही, आणि भट्टीतून टण् म्हणून काही आलं नाही.

दुपारी आधी जुनी भट्टी उघडली. चंबू एकेक करून काढले. थोरलीने ते दोन काळसर पडद्यांमध्ये धरून तपासले. काचेत ताण राहिला असेल तर त्या पडद्यांतून तो उजळून दिसतो. सगळे धड होते. भावाने मैनाला उचलायचंच बाकी ठेवलं. मग सगळे मागच्या शेडमध्ये गेले. काकांनी स्वतः दार उघडलं, आणि पुढच्याच रांगेतला एक चंबू दोन फाकी होऊन पडलेला दिसला.

मुक्या भट्टीतला. जिच्यापुढे काकांनी एक शब्दही उच्चारला नव्हता.

काका घड्याळ बघायला उठून गेले असताना केव्हातरी तो तडकला असावा. ते हट्टी होते, पण अप्रामाणिक नव्हते, आणि जे डोळ्यांना दिसलं ते नाकारणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ आला आणि मग एकदम लख्ख उजेड पडला.

"म्हणजे उलटंच आहे," ते म्हणाले. "बोलायलाच हवं. गप्प बसलो म्हणून फुटलं. एवढी वर्षं आपण उलटं करत होतो." ते मैनाकडे वळले. "यापुढे राखणीला तू बसायचंस. आणि बोलायचं. सारखं बोलत राहायचं. तुझ्यासारखं दुसऱ्या कुणाला जमणार नाही."

मैनाच्या चेहऱ्यावर जे काही उमललं ते थोरलीला बघवेना. कारण फुटलेली फाक तिच्या हातात होती आणि गुळगुळीत ठिपक्याच्या मधोमधचा पांढरा कण भिंगाशिवायही दिसत होता. एकदाच केलेला प्रयोग, त्यात एक खडा, आणि तो योगायोगाने या टोपलीत आलेला. यातून काहीच सिद्ध होत नव्हतं. पण तिने फक्त गप्प राहायचं होतं. मैनाला जागा मिळत होती, भाऊ राहणार होता, आई रात्री नीट झोपणार होती. नातवंडं पुढे भट्टीपुढे बडबड करतील आणि कुणीतरी त्यांना ध्वनिलहरी समजावून सांगेल. त्यात कुणाचं काय बिघडणार होतं? दारात उभे राहिलेले आजोबा तिला त्या क्षणी इतके जवळचे वाटले, जितके ते हयात असताना कधी वाटले नव्हते. तिने फाक तळहातात उलटी केली आणि मूठ मिटली.

"ताई, बघू तो तुकडा," मैना म्हणाली.

थोरलीने दिला. नाही म्हणणं तिला जमलं नाही. मैनाने तो उजेडात नेला, रेघांवरून बोट उलटं चालवलं, आणि बोट थांबलं तिथे तुकडा डोळ्यांजवळ नेला. मग ती काकांजवळ गेली आणि तुकडा त्यांच्या हातात ठेवला.

"काका, हाही खडाच आहे. मी बोलले म्हणून तेव्हाचं फुटलं नसेल, तर मी बोलले म्हणून हे बाकीचे वाचलेही नाहीत. मला दोन्ही नको."

भाऊ काहीतरी म्हणणार होता, आईने त्याचा हात दाबला. काकांनी खडा पाहिला. मग उघड्या भट्टीत पाहिलं, तिथे बाकीचे चंबू धड उभे होते. मुकेपणात निवलेले, आणि तरी धड. एका दिवसात दोन नियम हातातून गेलेला माणूस उभा राहतो तसे ते उभे राहिले.

"मग आता करायचं काय?" त्यांनी विचारलं, आणि त्या विचारण्यात राग नव्हता.

थोरलीने सांगितलं की मोठ्या भट्टीच्या छताच्या विटा बदलायच्या, कॉक वेळेवर फिरवायचा, आणि खरंच कळून घ्यायचं असेल तर हे सगळं पुन्हा पुन्हा करून बघायचं.

"कॉक फिरवायला माणूस लागेलच," मैना म्हणाली. "मी बसते. वाटलं तर बोलेन, नाही वाटलं तर नाही बोलणार."

काकांनी मान डोलावली. "बस," म्हणाले. "आणि उद्यापासून बर्नरवर ये. लांब मानेचे चंबू अजून तुझे वाकडे येतात." भाऊ मटकन एका उपड्या टोपलीवर बसला, आणि आई उगाचच रडायला लागली.

काकांचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. शेडच्या दाराशी आत्या उन्हात बसली होती. ते तिच्याजवळ गेले, आणि गुडघ्यावर हात टेकून पायरीवर तिच्या शेजारी बसले. काकांचा आवाज निघाला तेव्हा तो एवढा बारीक होता की थोरलीला ऐकायला थांबावं लागलं.

"अक्का, तू परत का आली होतीस गं?"

आत्याने धाकट्या भावाच्या पांढऱ्या झालेल्या केसांकडे पाहिलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"पहिलं वर्षभर मी बाबांची फार ऋणी होते, कुणी विचारत नाही म्हणून," ती म्हणाली. "त्यानंतर त्या बाकावर बसून रोज वाट बघत होते, कुणीतरी विचारेल म्हणून."